साखर भरली, बी हिरवीच राहिली

कॅबर्ने सोव्हिन्याँ या रेड वाइनच्या द्राक्षाचा पहिला माल घेऊन मी सकाळी आठला वायनरीच्या फाटकावर पोहोचलो आणि दुपारी तीनला तोच माल घेऊन परत फिरलो. पावतीवर एकच शब्द होता: 'अपक्व'. जालना जिल्ह्यात आमच्या भागाला द्राक्ष नवे नाही. खरड छाटणी, फळछाटणी, काढणी, सगळे सुरळीत पार पडले होते.

करारनाम्यात साखर २३ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) वर असावी, एवढेच लिहिले होते आणि माझी २४ भरली होती. खिडकीवरचे साहेब आकडा पाहत आणि 'थांबा' म्हणत. फेब्रुवारी संपत आला होता. क्रेटवर ओले गोणपाट टाकूनही खालच्या थरातले मणी दबून रस गळू लागला होता, आणि त्या उन्हात गळलेला रस आंबायला वेळ लागत नाही. काय कमी आहे, हे विचारायला मी चार वेळा खिडकीशी गेलो. उत्तर शेवटी टाक्या धुणाऱ्या एका काकांनी दिले. त्यांनी मणी चिरून बी माझ्या तळहातावर ठेवली; टोकाला तपकिरी छटा, बाकी हिरवी. "चावा," ते म्हणाले. जीभ टाळूला चिकटली, गाल आतून आवळले. "दादा, मीटर साखर सांगतंय. हे नाही सांगत."

हे म्हणजे टॅनिन. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, तेही टॅनिनमुळेच. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, तोंडाचा निसरडेपणा जातो आणि आपण त्याला तुरट म्हणतो. रेड वाइन सालीबियांसकट आंबवतात, म्हणून ते तिच्यात उतरते. व्हाइट वाइनचा रस आधीच वेगळा काढतात, म्हणून तिच्यात फारच थोडे असते. सालीतले टॅनिन त्यातल्या त्यात मऊ, बीमधले खरखरीत, आणि अल्कोहोल वाढत जाते तसे बीमधले अधिक सुटते. आपल्याकडच्या उष्णतेत साखर झपाट्याने चढते, बी मात्र मागे राहते. बिनबियांच्या थॉमसनवर आयुष्य काढलेल्या आम्हाला हे कळावे कसे? फाटकावर ज्यावरून माल परत जातो, ते करारात लिहायलाच हवे, हे माझे आजही ठाम म्हणणे आहे. बियांमुळे बेदाण्यालाही न चालणारा तो माल मी मिळेल त्या भावाने दिला.

पुढच्या वर्षी २३ ब्रिक्सनंतर अकरा दिवस थांबलो. रोज सकाळी ओळीच्या उन्हाच्या आणि सावलीच्या, दोन्ही बाजूंचे मणी घेतले. बी सगळीकडून तपकिरी होऊन फुटाण्यासारखी कडकन फुटली, तेव्हाच कात्री लावली. आंधळेपणाने मात्र थांबू नये, कारण आंबटपणा उतरत जातो. मणी चाखताना मध्ये पाणी प्यावे, कारण तुरटपणा जिभेवर साचतो आणि पाचवा मणी उगाच कच्चा वाटतो. आणि हे खरे तर आधी सांगायला हवे होते: काढणीपूर्वीच वायनरीच्या माणसाला बागेत बोलवावे, बी दाखवावी आणि होकार लेखी घ्यावा. मी तो करारनाम्याच्या समासात लिहून घेतला. त्या वर्षी गाडी अर्ध्या तासात आत गेली.

काही महिन्यांनी काकांनी त्याच मालाच्या वाइनचा एक घोट दिला. हिरड्या किंचित आवळल्या आणि लगेच सुटल्या.