स्पीड बॅगची धडधड: रबर सगळ्यात शेवटी

रविवार

घरी लावलेली स्पीड बॅग (बॉक्सिंगच्या सरावाची, आडव्या बोर्डाखाली टांगलेली हवा भरलेली छोटी बॅग) वाजायला लागली की पहिला हात रबराकडे जातो. बोर्ड धरणाऱ्या ब्रॅकेटखाली रबर, बोर्डाच्या वर रबर, भिंतीला जाड फोम. माझं मत उलटं आहे. आधी बोर्ड जड करायचा, मग सांगाडा ताठ करायचा, मग एकेक सांध्यातली ढिलाई काढायची आणि हे सगळं झाल्यावर, जिथे तो सांगाडा घराला टेकतो फक्त तिथेच रबर द्यायचं. क्रम चुकला तर पैसे जातात, आवाज तिथेच राहतो, वर बॅगही नीट चालत नाही.

कारण बॅगच्या चालीतच आहे. नेहमीच्या तालात एका ठोशानंतर बॅग बोर्डावर तीनदा आपटते: आधी पलीकडच्या बाजूला, मग आपल्या बाजूला, पुन्हा पलीकडे, आणि ती परत येताना पुढचा ठोसा. सेकंदाला दोन-तीन ठोसे धरले तर बोर्डाला सेकंदाला ६ ते ९ दणके बसतात. बोर्डच हलत असेल तर दणक्यातली ताकद त्याला हलवण्यात खर्च होते. बॅग मरगळून परतते, ताल तुटतो आणि मारणारा आपोआप जोर वाढवतो. जोर वाढला की आवाज वाढतो. बोर्ड आणि ब्रॅकेटच्या मधे मऊ रबर घातलं की नेमकं हेच होतं.

आता बोर्ड. ६० सेंमी व्यासाचा, २५ मिमी प्लायचा गोल पाच किलोच्या आसपास भरतो. घरातल्या वापराला हा हलका पडतो. तसाच दुसरा गोल कापून वर चिकटवला की जाडी ५० मिमी आणि वजन दहा किलोच्या जवळ. वजन दुप्पट झालं की त्याच दणक्याला हादरा साधारण निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलचा फरक. शिवाय जाडी दुप्पट झाल्याने बोर्ड स्वतः वाकणं पुष्कळच कमी होतं. मात्र त्यासाठी दोन थर एकजीव व्हायला हवेत. मधे कुठे हवा राहिली तर तेवढाच भाग टपटप वाजतो आणि मग तो शोधणं डोकेदुखी. म्हणून गोंद दात्यांच्या पात्याने संपूर्ण पृष्ठभागावर पसरायचा, मधोमध वजन ठेवायचं, कडेने क्लॅम्प लावायचे, आणि वरच्या बाजूने दर १० सेंमीवर एक असे ४० मिमीचे स्क्रू आत ओढून घ्यायचे. बॅग आपटते त्या खालच्या बाजूला स्क्रूचं टोक किंवा डोकं बाहेर आलेलं अजिबात नको. बॅग फाटते. रात्रभर वाळू द्यावं.

बोर्डाच्या खालच्या बाजूला फोम किंवा कार्पेट चिकटवायची कल्पनाही दिसते. आवाज खरंच कमी होतो, कारण बॅग उसळतच नाही! स्पीड बॅगचं काम उसळीवर चालतं. तो पृष्ठभाग कडक आणि गुळगुळीतच हवा.

मंगळवार

सांगाडा. भिंतीवरच्या ब्रॅकेटचं खरं दुखणं म्हणजे बोर्ड भिंतीपासून लांब लटकतो. आडव्या हातांना खालून किंवा वरून तिरके आधार द्यावेत आणि ते बोर्डाच्या पुढच्या कडेपर्यंत न्यावेत. निम्म्यावरच संपलेले आधार पुढची कड मोकळी सोडतात आणि तीच सगळ्यात जास्त थरथरते. बोर्ड चारच जागी धरलेला असेल तर सहा-आठ जागी धरावा, आणि लाकडी स्क्रूऐवजी आरपार बोल्ट वापरावेत. बोल्टाचं डोकं खालून लाकडात पूर्ण बसवून.

भिंतीवर पकड किती उंचीत पसरली आहे हे लोक बघतच नाहीत. समजा बोर्ड आणि ब्रॅकेट मिळून २५ किलो आणि वजनाचा मध्य भिंतीपासून ४० सेंमीवर. वरच्या आणि खालच्या बोल्टांत ३० सेंमी अंतर असेल तर वरच्या बोल्टांवर सुमारे ३३ किलोची सतत ओढ. तेच अंतर १०० सेंमी केलं तर १० किलो. म्हणून भिंतीवर आधी ४०-५० मिमी जाडीची उभी लाकडी फळी, तीवर ब्रॅकेट. काँक्रीट किंवा भरीव विटेत १० मिमीचे बोल्ट पुरतात. साधे फुगणारे अँकर सततच्या हादऱ्याने सैल पडू शकतात. केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून चिकटवलेला बोल्ट) जास्त टिकतो, फक्त भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढायला हवी, नाहीतर रेझिन भिंतीऐवजी धुळीला चिकटतं. पोकळ विटेत जाळीच्या नळीशिवाय केमिकल अँकरही फुकट.

जिप्सम बोर्डाचं पार्टिशन डफासारखं वाजतं. तिथे बॅग लावायचीच असेल तर आतले उभे आधार शोधून किमान दोन, शक्यतो तीन आधारांना धरेल अशी आडवी फळी टाकायची. त्यातूनही भिंत घुमली तर सरळ स्टँड घ्यावा. छताला टांगलेली बॅग मात्र वर कुणी राहत असेल तर नकोच. तुमचं छत म्हणजे त्यांची जमीन.

आता खडखड. धप्प आवाज हा वजनाचा आणि ताठपणाचा प्रश्न, तर टणटण-खडखड हा ढिलाईचा. शोधायची रीत सोपी: एकाने बॅग मारायची, दुसऱ्याने तळवा आणि बोटांची टोकं एकेका सांध्यावर ठेवत जायचं. जिथे हात घट्ट दाबल्यावर आवाज बदलतो, तो सांधा दोषी. बहुतेक वेळा उंची कमीजास्त करायची सरकती नळी सापडते, कारण खिळीच्या भोकात एखाद-दीड मिमी मोकळीक असतेच. उंची एकदा ठरली की (बॅगचा सर्वात फुगीर भाग तोंड-हनुवटीच्या पातळीवर) नळ्यांच्या मधे प्लॅस्टिकची पातळ पट्टी कोंबून आरपार बोल्टने आवळून टाकावं. घरात दोन उंचीची माणसं मारणार असतील तर नळी हलवण्यापेक्षा बुटक्या माणसाला उभं राहायला मजबूत पाट द्यावा.

दुसरा संशयित स्विव्हल, म्हणजे बोर्डाखालचा फिरता सांधा, ज्याला बॅग टांगतात. कडी आणि हूकवाला असेल तर धातूवर धातू वाजणारच. बॉल-बेअरिंगचा घ्यावा, मशीन ऑइलचा एखादा थेंब सोडावा. स्विव्हलची पट्टी आणि बोर्ड यांच्यात एक-दोन मिमीचा चामड्याचा वॉशर चालतो. तो इतका पातळ असतो की उसळीला धक्का लागत नाही, पण चिमटीत पकडावा असा तीक्ष्ण टक् आवाज जातो. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). पहिले काही तास वापर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळायचे, कारण लाकूड वॉशरखाली दबून बसतं.

शनिवार

आता रबर. इथे थोडं गणित आहे आणि ते टाळून चालत नाही. वजनाखाली रबर किती दबतं त्यावरून त्या बैठकीची स्वतःची थरथर ठरते. १ मिमी दबलं तर सुमारे १६ हर्ट्झ (सेकंदाला १६ वेळा), १० मिमी दबलं तर ५ हर्ट्झ. हादरा त्या आकड्याच्या जवळपास दीडपट झाल्यावरच अडायला लागतो. म्हणजे पातळ रबर २२-२३ हर्ट्झच्या वरचा आवाज, भिंतीतून शेजारी पोचणारी टकटक, छान अडवतं. पण ६ ते ९ हर्ट्झचा मूळ ताल तसाच जाऊ देतो, कधी थोडा वाढवतोही. तो ताल वजनानेच मारावा लागतो.

अखंड रबरी चादर मोठ्या पट्टीखाली पसरली तर वजन वाटलं जातं, रबर दबतच नाही आणि अडवतही नाही. छोटे तुकडे बरे, ५ सेंमी × ५ सेंमी, त्यावर ठळक दाब पडेल असे. भिंतीवर फळीच्या मागे हे तुकडे बोल्टांच्या जागी.

आणि इथेच बहुतेकांचं काम फसतं. मागे रबर आहे, पण बोल्ट फळीतून थेट भिंतीत गेलाय आणि वॉशर फळीवर कचकचून बसलाय. हादऱ्याला तो लोखंडी पूल पुरतो, रबर नावालाच उरतं. उपाय: १० मिमी बोल्टाला फळीत १६ मिमी भोक, त्यात रबरी बुश (बोल्टाभोवती बसणारी छोटी नळी), वॉशरखाली आणखी एक रबरी चकती. बोल्टाने लाकडाला कुठेच शिवता कामा नये. नट रबर थोडं फुगेल इतकाच आवळायचा आणि वर दुसरा नट लावून जागेवर अडकवायचा. रबर चिरडलं की ते दगडच.

स्टँडला हे सगळं सोपं जातं. पायाच्या चौकटीवर वाळूच्या २०-२५ किलोच्या पिशव्या, चौकटीखाली चार कोपऱ्यांत रबर. पोकळ नळ्या कोरड्या वाळूने भरल्या तर त्यांचा टणटणाट संपतो. ओली वाळू आतून गंज आणते. वाळूचे कण एकमेकांवर घासून हादरा खातात, म्हणून लोखंडी प्लेटांपेक्षा वाळू सरस. बोर्डावर वाळूची पिशवी ठेवायची तर मात्र पट्ट्याने बांधून. ती डोक्याच्या वर आहे.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला अजून मरत नाही. ट्रे काय किंवा फोमच्या लाद्या काय, खोलीतला घुमारा थोडाफार कमी करतात. शेजारच्या खोलीत जाणारा धप्प त्यांना दिसतही नाही. जाड पडदा तेवढंच काम करतो आणि धुता येतो.

एक बिनखर्ची गोष्ट शेवटी राहिलीच: हवा. अंगठ्याने दाबल्यावर जराशी आत जाईल इतकीच. दगडासारखी फुगवलेली बॅग वेगवान होते, पण प्रत्येक आपट तीक्ष्ण, आणि शिवणीवर ताण. पंपाच्या सुईला ग्लिसरीन लावून घालावी, म्हणजे व्हॉल्व्ह फाटत नाही.