मोटार चालू होते, पाणी येत नाही

गेल्या वर्षी पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढताना हे शिडीवरून घसरले आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्याहून गंभीर काही झाले नाही, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. परंतु त्या सहा आठवड्यांत जे ध्यानात आले, त्यामुळे आमच्या दिनक्रमाची घडीच बदलली. आम्ही दोघेही नोकरीतून निवृत्त झालेलो आहोत, गावाच्या कडेला राहतो आणि मुले आपापल्या संसारात दूर आहेत. इतकी वर्षे मी समजत होते की हे घर आम्ही दोघे मिळून चालवतो. प्रत्यक्षात निम्मे घर फक्त त्यांना चालवता येत होते आणि उरलेले निम्मे फक्त मला.

प्लास्टरच्या तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली. विहिरीवर जाऊन मी बटण दाबले, मोटार नेहमीसारखी घरघरली, पण टाकीत पाणी पडल्याचा आवाज काही आला नाही. मी वाट पाहत उभी राहिले. तेवढ्यात हे गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत घाईघाईने आले आणि म्हणाले, “अगं, आधी बंद कर, पंपाने हवा धरली आहे.” पंप कोरडा फिरत राहिला तर आतील सील तापून जळते आणि दुरुस्तीचे मोठे काम निघते, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले. ज्या पंपाचे पाणी मी इतकी वर्षे वापरत आले, त्याच्याविषयी मला केवळ एका बटणाची माहिती होती.

मग हे खुर्ची टाकून विहिरीपाशी बसले आणि तोंडाने सांगू लागले, आणि तिथे दुसरी अडचण पुढे आली. त्यांना नीट सांगताच येईना. “तो वरचा बूच सैल कर.” कोणता वरचा? “अगं तोच, जो मी नेहमी काढतो.” कोणत्या बाजूला किती फिरवायचे, पाना कुठे लावायचा, पाणी कुठवर भरायचे, हे सारे त्यांच्या हाताला ठाऊक होते, तोंडाला ठाऊक नव्हते. अखेर बूच निघाला. मी तांब्याने पाणी ओतू लागले. चार तांबे झाले, सहा झाले, तरी पातळी वर येईना. ओतलेले पाणी खाली निघून जात आहे, म्हणजे नळीच्या तळाशी बसवलेला फूट व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, असे निदान यांनी बसल्या जागेवरून केले. शेजारच्या एका तरुणाच्या मदतीने नळी वर ओढली, तेव्हा व्हॉल्व्हच्या झडपेत एक कुजलेले पान आणि काडी अडकलेली दिसली. काडी बोटभरही नव्हती. ती काढली, झडप धुतली, नळी पुन्हा खाली सोडली, पंप काठोकाठ भरला, बूच आवळला आणि बटण दाबले. टाकीत पाणी पडू लागले तेव्हा मला जो आनंद झाला, तो नोकरीतील बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले, कारण आपण हाताने केलेल्या गोष्टीचे कारण कळले की ती विसरत नाही. पंप पाणी ओढतो असे आपण बोलतो, परंतु खरे पाहता तो नळीतील दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला बाहेरील हवेचा दाब ते पाणी नळीतून वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा फार तर 10.3 मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो, आणि नळीतील घर्षण व इतर तूट जमेस धरता व्यवहारात सात मीटरांच्या आसपासच मर्यादा येते. म्हणूनच असा पंप पाण्याच्या शक्य तितका जवळ बसवतात. हवा पाण्यापेक्षा सुमारे 800 पट हलकी असल्यामुळे पंपाचा पंखा हवेत कितीही जोरात फिरला तरी पुरेसा दाब कमी होत नाही. त्यासाठी आधी पंप आणि नळी पाण्याने भरलेली असावी लागते. एवढेसे ज्ञान, पण ते दोघांपैकी एकालाच असेल आणि तोच आजारी असेल, तर घरात पाणी नाही.

यांची बाजूही फारशी वेगळी नव्हती. बियाणे कोणत्या डब्यात आहे, वाफ्यात काय केव्हा पेरले, विजेचे बिल कोणत्या तारखेला भरायचे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे कोणत्या फाइलमध्ये आहेत, स्वतःच्या रक्तदाबाची गोळी सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला विचारल्याशिवाय त्यांना देता आले नसते. गोळ्यांची गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. माझ्याऐवजी मनगट त्यांचे मोडले म्हणून निभावले.

म्हणून प्लास्टर निघाल्यावर आम्ही कामांची अदलाबदल ठरवली. एक महिना पाणी, अवजारे आणि खताचा खड्डा माझ्याकडे, तर वाफे, हिशोब आणि औषधे यांच्याकडे. पुढील महिन्यात उलट. ठरवणे सोपे होते. निभावण्यात अडचण आली ती शिकण्याची नव्हे, गप्प बसण्याची. यांनी पेरलेले बी दाट पडले आहे हे मला ओसरीतूनच दिसते, आणि मी कोयत्याची धार लावताना कोन चुकवते आहे हे त्यांना दगडाच्या आवाजावरूनच कळते. तरीही विचारल्याशिवाय सांगायचे नाही, असा नियम आम्ही केला आहे आणि बव्हंशी तो पाळतो. रोपे दाट उगवली तेव्हा त्यांनी ती स्वतःच विरळ केली, आणि आता ते बियांत कोरडी वाळू मिसळून पेरतात. ही युक्ती मला सुचली नव्हती.

या निमित्ताने एका शब्दाविषयी माझे मत स्पष्ट मांडते. “मी हिला घरकामात मदत करतो” असे अनेक निवृत्त गृहस्थ कौतुकाने सांगतात, आणि स्त्रियाही ते कौतुकाने ऐकतात. मदत या शब्दातच ते काम मुळात दुसऱ्याचे आहे हे गृहीत धरलेले असते. मदत करणारा सांगितले तेवढे करतो, आणि काय करायचे, केव्हा करायचे, काय संपत आले आहे याचा विचार मात्र दुसऱ्याच्याच डोक्यात चालू राहतो. मीसुद्धा पंपाजवळ अनेकदा “मदत” केलेली होती. पाना हातात दिला होता, दिवा धरला होता. त्यातून मी काहीही शिकले नव्हते. काम शिकायचे तर त्याची काळजीही आपल्याकडे घ्यावी लागते.

मुलांचे म्हणणे असे की आता एवढी धावपळ कशाला, माणूस लावा आणि विश्रांती घ्या. त्यांच्या मनातील माया मला कळते, पण सल्ला मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 65 वर्षे व त्यांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवलेली आहे, आणि तिच्याबरोबर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही. खताचा ढीग फावड्याने खालीवर करणे, पाण्याची झारी दोन्ही हातांनी आलटून पालटून नेणे, वाफ्यापाशी बसून पुन्हा उठणे यांत आमचा बराचसा व्यायाम होऊन जातो. खताच्या ढिगाचे तर मला आता वेडच लागले आहे. वाळका पाला अधिक आणि ओला कचरा कमी ठेवला, ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर राखला आणि वेळोवेळी उलथून आत हवा खेळवली, की जिवाणूंच्या कामामुळे त्याचा गाभा 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. सकाळी गारव्यात फावडे घातल्यावर त्यातून वाफ निघते, आणि हात जवळ नेला तर ऊब लागते.

शिडी मात्र या अदलाबदलीतून वगळली आहे. शिडी जितक्या उंचीवर टेकवायची, त्या उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पायथा भिंतीपासून ठेवावा, हा नियम यांना तेव्हाही माहीत होता; त्या दिवशी झाडाची कुंडी आड येत होती म्हणून पायथा भिंतीजवळ घेतला गेला. जगभरात पडून मृत्यू येणाऱ्यांमध्ये साठीपुढील माणसांची संख्या सर्वाधिक आहे. त्यामुळे पन्हळ साफ करण्यासाठी आम्ही आता तोच शेजारचा तरुण बोलावतो आणि त्याच्या कामाचे पैसे त्याला देतो. याबाबत यांचा थोडा नाइलाज झाला, पण माझ्यासाठी हा विषय संपलेला आहे.

पंपाच्या खोलीत आता एक वही दोरीने बांधून टांगली आहे. बूच कोणता, पाना कोणत्या मापाचा, टाकीचा कॉक कोणता आणि बागेचा कोणता, हे सारे मी त्यात चित्रांसह लिहिले आहे, आणि कॉकवर रंगाने बाणही काढले आहेत. दुसरी वही माजघरात आहे. तिच्यात औषधे, बिलांच्या तारखा आणि फायलींच्या जागा यांच्या अक्षरात आहेत. ते अक्षर पहिल्या पानावर फार वेडेवाकडे आहे, कारण प्लास्टर निघून तेव्हा आठच दिवस झाले होते. मी ते पान पुन्हा सुवाच्य लिहून काढणार होते. यांनी ते लिहू दिले नाही. या महिन्यात ती वही त्यांच्याकडे आहे.