सफरचंदात मुक्काम

अंटार्क्टिकावर संशोधनाला जाणारी काही माणसं सफरचंदात राहतात. माणसं वाढली तर खरबुजात आणि आणखी वाढली तर झुकिनीत. ही माझ्या पदरची गंमत नाही, त्या घरांची ही रूढ नावं आहेत. सफरचंद म्हणजे फायबरग्लासची लालभडक, गोल, बुटकी झोपडी. तिचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातला. वळणदार फाकी बोल्टांनी एकमेकींना जोडल्या की सफरचंद तयार. त्याचे दोन अर्ध दूर सारून मधे पट्टा घातला की ते लांबट होतं, म्हणजे खरबूज. अजून पट्टे घातले की झुकिनी. आपण फळातून भाजीत नेमके कधी शिरलो हे आत राहणाऱ्याला कळत असेल का, कुणास ठाऊक.

हे सगळं मी वाचत होतो ते घर बदलायच्या आदल्या रात्री. बांधाबांध टाळायची असली की माणूस काय वाट्टेल ते वाचतो. भोवती पुठ्ठ्याची खोकी, हातात चिकटपट्टी, आणि मी ध्रुवावरच्या छावण्यांचे फोटो बघत बसलेलो. माझ्या अर्ध्याअधिक खोक्यांवर मार्करनं एकच शब्द लिहिला होता, ‘इतर’. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाकडे ‘इतर’ नसतं. त्या छावण्यांतही ते चालत नाही. विमानात किंवा हेलिकॉप्टरखाली लोंबणाऱ्या जाळ्यात जे चढतं ते वजन करूनच चढतं, आणि एकदा विमान परत गेलं की विसरलेली वस्तू आणायला कोपऱ्यावर कुणी जात नाही.

खोक्याचा खरा मान राखला तो जेम्सवे नावाच्या झोपडीनं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ती बनवली. लाकडी कमानी, वरून अस्तर भरलेलं जाड कापड, रुंदी 16 फूट, आणि लांबी 4-4 फुटांनी वाढवू तेवढी. पण माझा जीव अडकला तो तिच्या जमिनीत. ज्या लाकडी पेट्यांतून ही झोपडी यायची, त्याच पेट्या उलगडून खाली अंथरायच्या. सामान काढल्यावर खोक्यांचं काय करायचं, हा प्रश्नच मिटला. आपण त्यांच्यावरच उभे. युद्ध संपलं, या झोपड्या दक्षिण ध्रुवावर गेल्या, आणि लढाईसाठी केलेल्या त्या तात्पुरत्या सोयीत कितीतरी वर्षं उन्हाळी मोसमाला आलेली माणसं झोपत राहिली.

खोक्यांशी असलेलं हे नातं त्याहून जुनं आहे. ब्रिटिश शोधप्रवासी शॅकलटनच्या तुकडीनं 1908 साली अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, केप रॉइड्सला उभारलेलं घर इंग्लंडहून सुटे भाग होऊन आलं होतं. बोटीतून आलेल्या खाद्यपदार्थांच्या पेट्यांच्या त्यांनी खाटा केल्या, फळ्या केल्या. हिवाळ्याच्या काळोखात चक्क एक पुस्तक छापलं आणि त्याला पेट्यांच्याच लाकडाची पाठ-पोट लावली. काही प्रतींवर मूळचा शिक्का अजून दिसतो. एकीवर म्हणे ‘लोणी’ आहे. तीन वर्षांनी दुसरा ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट यानं तिथल्याच केप इव्हान्सच्या घरात पेट्या रचून मधोमध भिंत घातली, एका बाजूला अधिकारी आणि शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला खलाशी. बाहेर ती थंडी, पण हुद्द्यांना भिंत हवीच. त्या घराच्या बाहेरच्या भिंतींत ऊब राहावी म्हणून गोणपाटात शिवलेलं समुद्री शेवाळ भरलं होतं, हेही जाता जाता सांगतो, कारण मला ते फार आवडलं.

आणि आपली ‘भारती’! अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांवरचं हे भारतीय संशोधन केंद्र 2012 साली सुरू झालं. बाहेरून बघितलं तर कुणाला वाटणार नाही, पण त्या चकचकीत कवचाच्या आत 134 शिपिंग कंटेनर आहेत. जहाजावर जी खोकी, तीच पुढे खोल्या. कंटेनरला कल्पना असती तर त्यानं प्रवासात थोडी जास्त काळजी घेतली असती.

घर जोडणं म्हणजे मात्र माझ्या पलंगासारखं काम नव्हे. जाड हातमोजे घालून बोल्ट फिरवता येत नाही, आणि मोजे काढले तर उघड्या बोटांना गार धातू चिकटतो. मग आतला पातळ मोजा ठेवायचा, दोन आटे द्यायचे, हात काखेत घालायचा, पुन्हा दोन आटे. बोल्ट हातातून निसटून भुसभुशीत बर्फात गेला की गेलाच, वर फक्त एक छोटंसं भोक राहतं. म्हणून अशा घरांत भाग थोडे आणि सारखे असावेत, पान्हा एकच लागावा, यात खरी हुशारी. पुढची खोड रात्री कळते. आरपार गेलेला बोल्ट बाहेरची थंडी सरळ आत आणतो आणि भिंत कोमट असली तरी बोल्टाच्या आतल्या डोक्यावर माणसांच्या श्वासाची वाफ गोठून पांढरी फुलं उमलतात. शेगडी पेटली की ती वितळतात आणि नेमकी झोपलेल्याच्या कपाळावर थेंब टाकतात. तंबूत तर सगळ्या अस्तरावरच ही साय धरते.

म्हणून घर घट्ट बंद करावं, तर तेही जिवावर बेतणारं. अमेरिकी नौदलाचा रिचर्ड बर्ड 1934 च्या हिवाळ्यात बर्फात बुडवलेल्या एका झोपडीत एकटा राहिला. झोपडी उबदार होती, पण शेगडीचा धूर नीट बाहेर जाईना. कार्बन मोनॉक्साइडनं तो हळूहळू खंगत गेला. रेडिओवर त्याचं बोलणं विस्कळीत व्हायला लागलं तेव्हा तळावरच्यांना संशय आला आणि ऑगस्टमध्ये सोबती तिथवर पोचले.

वाऱ्याचं गणित वेगळंच. वारा बर्फ उडवत आणतो, घराला अडखळतो आणि घराच्या आडोशाला तो बर्फ टाकून पुढे जातो. आडोसा म्हणून आपण जिथं दार करू, नेमकं तिथं. भारताचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पठारावर उभं राहिलं आणि काही वर्षांत बर्फाखाली गाडलं गेलं. पुढचं ‘मैत्री’ मग खडकावर बांधलं. ब्रिटिशांची अंटार्क्टिकातली हॅली नावाची पहिली चार केंद्रं अशीच गेली. पाचव्याला त्यांनी पाय दिले, सहाव्याला पायांखाली स्कीसुद्धा. ते आठ डब्यांचं आहे, आणि पठाराला भेग पडतेय असं दिसल्यावर 2016-17 मध्ये एकेक डबा ओढत 23 किलोमीटर आत नेला. ग्रीनलंडमध्ये तर बर्फात खोलवर भोक पाडणाऱ्यांनी आपला तीन मजली लाकडी घुमट 2015 साली स्कीवर चढवून साडेचारशे किलोमीटर ओढत नव्या जागी नेला. मी शेजारच्या गल्लीत राहायला जाताना दोन दिवस रजा काढली होती.

स्कीबिकी नसलेली लहान छावणी मोसम संपला की उकलायची. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणाचा करार 1991 साली झाला, 1998 पासून लागू आहे. काम संपलं की मागे पसारा ठेवायचा नाही, हा त्याचा रोख. फाकी सुट्या करायच्या, जमिनीत गोठून बसलेले खुंटे कुदळीनं खणून काढायचे, उरलेलं इंधन, कचरा, अगदी शौचाची पिंपंसुद्धा मोजून परत. बांधण्यातही क्रम असतो. घसरगाडीवर तंबू सगळ्यात वर, कारण पुढच्या मुक्कामी पहिला तोच लागणार. माझ्याकडे नव्या घरी पहिल्यांदा लागणारं पातेलं नेहमी सगळ्यात खालच्या खोक्यात असतं, ‘इतर’मध्ये.

आणि बोल्ट. यंदा घर उकलणारा आणि पुढच्या मोसमात जोडणारा एकच असेल असं नाही, कदाचित दोघांची ओळखही नसेल. तेव्हा बोल्ट मोजून पिशवीत घालावे, पिशवीवर आकडा लिहावा, पिशवी फाकीलाच बांधावी. एवढं वाचून मी उठलो. पलंग खोलला, सहा बोल्ट मोजले, पिशवीत घातले, वर ठळक ‘6’ लिहिलं.

नव्या घरी पिशवी सापडली, तशीच बांधलेली. आत पाच निघाले. सहाव्याच्या जागी सध्या चार घड्या घातलेला कागद आहे, आणि पलंग कुशीवर वळलं की एकदाच कुरकुरतो.