न पाठवलेली बातमी

‘बावीस वर्षे तुम्ही स्वतः क्राईम रिपोर्टर होतात, मग बातमीदारच खुनी शोधून काढतो असल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या तुम्हाला वाचवतात तरी कशा?’ हे तुम्ही विचारलेत म्हणून, आणि तुमच्याआधी पुष्कळांनी विचारले म्हणून, एकदा नीट सांगतो.

त्या खोट्या आहेत हे मला कोणी सांगायला नको. फ्रेंच कादंबरीकार गास्ताँ लरूचा पोरसवदा नायक रुलताबीय खून झालेल्या बाईचा गटारात सापडलेला डावा पाय संपादकापुढे ठेवून नोकरी मिळवतो. आमच्याकडे त्याला आधी चौकीत बसवले असते. लरू स्वतः ‘ल मातँ’ या पॅरिसच्या दैनिकाचा बातमीदार होता, म्हणजे त्यालाही हे कळत असणारच. मी गंमत म्हणून वाचतो, असे पूर्वी सांगत असे. ते अर्धेच खरे होते.

1913 सालच्या ई. सी. बेंटलीच्या ‘ट्रेंट्स लास्ट केस’मध्ये फिलिप ट्रेंट लंडनच्या एका दैनिकासाठी अमेरिकन धनाढ्याच्या खुनाचा छडा लावतो, सगळा मजकूर लिहून काढतो, आणि संपादकाकडे धाडण्याऐवजी पाकिटात घालून मृताच्या पत्नीच्या हाती देतो.

माझ्या हाताला तेवढा वेळ मिळाला नाही, किंवा मी तो घेतला नाही. पान सुटायला वीस मिनिटे असताना फौजदाराने फोनवर एका शिक्षकाचे नाव सांगितले. मजकुरात मी ‘संशयित’ लिहिले होते. मथळ्यात बसेना म्हणून तिथून तो शब्द उडाला, आणि मी शेजारी उभा असून गप्प राहिलो. चौथ्या दिवशी त्यांना सोडले. खुलासा आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळींचा. महिन्याभराने ते कार्यालयात आले. भांडले नाहीत. ‘खुलाशाच्या दिवशीही तेवढेच अंक छापले होते ना?’ त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. ‘मग तो आमच्या आळीत एकाही घरी कसा आला नाही?’

नाव पोलिसांनीच दिले होते, हे मी आजही सांगतो. त्यांना मात्र ते सांगू शकलो नाही.

ट्रेंटचा दाखला देतानाही माझी पंचाईत होतेच. (रहस्य फोडतो, क्षमा असावी.) त्याचा तर्क चुकलेला असतो, मजकूर छापला असता तर ज्याने खून केला नाही त्याच्यावर बालंट आले असते. पण तो थांबतो ते शंका आली म्हणून नव्हे, त्या बाईवर मन जडले म्हणून. मग याला विवेक म्हणायचे की नशीब?

परवा पुन्हा वाचायला घेतले. पाकीट दिले जाते तिथपर्यंत आलो, आणि पुस्तक मिटून ठेवले.