मॅनहॅटनचा नकाशा आणि लंब रेषांवरचा हरवलेला निर्देशक

अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत हायस्कुलाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक अख्खे वर्ष केवळ भूमितीला दिलेले असते, आणि त्या वर्षात एक प्रकारचे उदाहरण पालकांच्या वाट्याला हमखास येते: एका रेषेवरचे दोन बिंदू दिलेले, दुसऱ्या रेषेवरचा एक बिंदू पूर्ण आणि एक अर्धवट, दोन्ही रेषा परस्परांना लंब, तर अर्धवट बिंदूचा राहिलेला निर्देशक शोधा. आपल्याकडे दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ शिकलेल्या कोणालाही हे अवघड नाही. इथली, अमेरिकेतली मुले तर ते फारच झटपट सोडवतात, कारण त्यांच्या तोंडी एक मंत्र बसलेला असतो: अपूर्णांक उलटा करा, चिन्ह बदला. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार वजा १ असतो, या नियमाचेच ते चटपटीत रूप आहे. मात्र ‘असे का?’ या प्रश्नावर आमच्या थोरलीने खांदे उडवले, तेव्हा कागद बाजूला सारून मी तिच्यापुढे मॅनहॅटनचा नकाशा पसरला.

आम्ही हडसन नदीच्या अलीकडे, जर्सी सिटीत राहतो; पलीकडचे मॅनहॅटन, म्हणजे न्यूयॉर्क शहराचे मधले बेट, रोजच्या येण्याजाण्यातले. तिथल्या रस्त्यांची आखणी १८११ साली एका सरकारी आयोगाने मंजूर केली आणि प्रत्यक्ष मोजणीचे चिकाटीचे काम जॉन रँडेल या तरुण भूमापकाने केले. अ‍ॅव्हेन्यू बेटाच्या लांबीच्या दिशेने धावतात आणि स्ट्रीट त्यांना काटकोनात छेदतात. न्यूयॉर्ककर अ‍ॅव्हेन्यूच्या वरच्या टोकाला बिनदिक्कत उत्तर म्हणतात. पण बेटच तिरके असल्यामुळे अ‍ॅव्हेन्यू खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश पूर्वेकडे कललेले आहेत. (ब्रॉडवे हा रस्ता या आखणीपेक्षा जुना आहे आणि कोणाच्याही काटकोनाची पर्वा न करता आडवातिडवा जातो. त्याला इथे सोडून देऊ.)

आता एखादा चौक आरंभबिंदू धरावा, पूर्वेकडे क्ष अक्ष आणि उत्तरेकडे य अक्ष घ्यावा. २९ अंशांचा कल म्हणजे, व्यवहारापुरते बोलायचे तर, पूर्वेकडे ५ एकके सरकताना उत्तरेकडे ९ एकके वर जाणे. म्हणून अ‍ॅव्हेन्यू (५, ९) या बिंदूतून जातो आणि त्याचा चढ ९/५ आहे. त्याच चौकातून निघालेल्या स्ट्रीटवर पश्चिमेकडे चालत गेल्यावर आपण (−१८, क) या बिंदूपाशी पोहोचलो, तर क किती? स्ट्रीटचा चढ −५/९ असायला हवा, म्हणून क भागिले −१८ बरोबर −५/९, आणि क = १०. आपण सरळ पश्चिमेला चाललो आहोत अशी समजूत असते, पण दर १८ एककांमागे आपण १० एकके उत्तरेलाही सरकत असतो.

हे मंत्राशिवाय कसे कळावे? चौकापासून (५, ९) पर्यंतचा काटकोन त्रिकोण जाड कागदावर कापून घ्यावा: ५ चा पाया, ९ ची उंची. चौकातल्या टोकाला टाचणी टोचून तो घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की जी बाजू आडवी होती ती उभी होते आणि जी उभी होती ती आडवी होते. ९ ची बाजू आता डावीकडे पसरते, म्हणून ती ऋण. ५ ची बाजू वर उभी राहते. नवा चढ ५ भागिले −९. अपूर्णांक उलटा होणे हा बाजूंच्या अदलाबदलीचा परिणाम आहे आणि चिन्ह बदलणे हा एक बाजू विरुद्ध दिशेला गेल्याचा. माझ्या मते सूत्र सांगण्यापूर्वी हा कागद एकदा तरी मुलांच्या हाताने फिरला पाहिजे.

याच चढाचे एक जाहीर प्रात्यक्षिक मेच्या अखेरीस आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, अशा दोन वेळा पाहायला मिळते. मावळता सूर्य तेव्हा स्ट्रीटच्या बरोबर टोकाशी, दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींच्या मधोमध येतो आणि लोक फोन उंचावून भर रस्त्यात उभे राहतात. २१ जूनच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सूर्य पश्चिमेपासून सुमारे ३२ अंश उत्तरेला मावळतो. स्ट्रीट ज्या दिशेला रोखलेले आहेत ती २९ अंशांची जागा तो तिकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा ओलांडतो, म्हणून हा योग दोनदा येतो.

खरी मजा मात्र अज्ञात निर्देशक दोन्ही रेषांवर असतो तेव्हा येते. अ (−४, ०) आणि ब (९, ०) हे बिंदू दिले आहेत. य अक्षावर प (०, क) असा शोधा की पअ आणि पब परस्परांना लंब असतील. पअ चा चढ क/४ आणि पब चा −क/९. त्यांचा गुणाकार −क²/३६ हा वजा १ बरोबर, म्हणून क² = ३६, आणि क च्या किमती ६ व −६ अशा दोन. इथली मुले बहुधा ६ लिहून मोकळी होतात. आपल्या दहावीच्या पुस्तकातले भूमितीमध्याचे प्रमेय आठवणाऱ्याला ४ गुणिले ९ लगेच ओळखीचे वाटेल, आणि अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोन काटकोन असतो हे आठवणाऱ्याला दोन उत्तरे का हेही दिसेल: अब हा व्यास असलेले वर्तुळ य अक्षाला वर एकदा आणि खाली एकदा छेदते. एसएटी या महाविद्यालय-प्रवेशासाठीच्या परीक्षेत आता डेसमॉस हे आलेख काढणारे कॅल्क्युलेटर पडद्यावरच उपलब्ध असते. त्यात क ची किंमत सरकपट्टीने बदलत नेली, तर काटकोन दोन ठिकाणी जुळताना दिसतो. फक्त पट्टी ऋण बाजूलाही न्यायचे सुचले पाहिजे.

मंत्र पुरता अडतो तो उभ्या रेषेपाशी. एक रेषा (३, १) आणि (३, ७) मधून जाते. तिला लंब असलेली रेषा (५, ४) आणि (−२, क) मधून जाते. पहिल्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, कारण छेदात शून्य येते; मग उलटा करायचा तरी काय? मुलीने इथे बराच वेळ पेन्सिल चावली आणि मग स्वतःच आकृती काढली. उभ्या रेषेला लंब असलेली रेषा आडवी, आणि आडव्या रेषेवर प्रत्येक बिंदूचा य निर्देशक सारखाच, म्हणून क = ४. गुणाकाराची ओळ तिने खोडून टाकली आणि आकृती तेवढी ठेवली.