पिवळं कार्ड आणि एकच अंगठा

उत्तर सोलापूर तालुक्यात माझं रेशन दुकान आहे. माळावरच्या पारधी वस्तीतली आजी मार्चमध्ये तिसऱ्यांदा आली आणि मशीनने तिसऱ्यांदा तिचा अंगठा नाकारला.

अंगठा उठवायच्या सगळ्या खुब्या आम्हाला पाठ असतात. ओल्या फडक्याने बोट पुसायचं, केसांवरून फिरवायचं म्हणजे जरा तेल लागतं, काच कोरडी करायची, अंगठा नाही तर मधलं बोट, मग डावा हात. तिची दहाही बोटं झाली. जन्मभर खुरपं धरून रेषाच झिजल्यात, अंगठा घासलेल्या शहाबादी फरशीसारखा गुळगुळीत लागतो. ओटीपीला मोबाईल नाही. मुलगा-सून ऊसतोडीला. दाखले नाहीत म्हणून त्यांची नावं कार्डावर चढलेलीच नाहीत. अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, पिवळ्या कार्डावर महिना 35 किलो धान्य, आणि ते उचलायला हा एकच अंगठा.

झारखंडमध्ये आधार जोडलं नाही म्हणून कार्ड रद्द झालेल्या घरातली 11 वर्षांची मुलगी दगावली, त्यानंतर 2017 च्या ऑक्टोबरात केंद्राने राज्यांना लेखी कळवलं: अंगठा जुळला नाही तरी धान्य नाकारायचं नाही, वेगळ्या वहीत नोंद करून द्यायचं. मला हे माहीत होतं. तरी जानेवारी-फेब्रुवारीत मी तिला परत पाठवलं. वहीवर दिलेला माल मशीनच्या साठ्यातून कमी होत नाही, आणि तपासणीत तफावत निघाली की दुकानदार चोर. साहेबांना फोन केला की, "वर विचारून सांगतो." ते वर कधी विचारतच नाहीत.

याच सोलापुरात पारध्यांसारख्या जमातींना कोंडून ठेवायचं तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट होतं. गुन्हेगार जमातींच्या 1911 च्या कायद्याने नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे पोलीस हवे तेव्हा घेत. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द होईपर्यंत हे चाललं. तेव्हा यांचे ठसे बरोबर उठत होते.

"दोन महिने पोरांना काय घातलंस, आज्जी?"

"सर्वा."

तिने पदराची गाठ सोडली. काढणी झालेल्या रानात मागे राहिलेली ज्वारीची कणसं वेचून, झोडपून काढलेले ओंजळभर दाणे. निम्मे किडके, मधे खडे. सर्वा वेचायला आमच्याकडे कुणी ना म्हणत नाही, पण पारधीण बांधावर दिसली की आरडाओरड होते. माळावर फासे लावून तितर धरणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानेच बंद झालं.

त्या दिवशी वही काढली. तिचं नाव लिहिलं, रांगेतल्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि 35 किलो मोजून दिलं. तिने पोतं पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं, आकडा नातवाकडून वाचून घेतला. मग म्हणाली, "मागल्या दोन म्हैन्याचं कवा देनार, मालक?"

मशीन मागचा महिना उघडत नाही. ते 70 किलो कुठून आणायचे, याचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.