आईच्या गुडघ्यामागची गाठ

आईच्या गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आलेली. पाय दुमडला की ताण, जिना उतरताना कळ. शेजारच्या काकू गाठ म्हणताच थेट कॅन्सरपर्यंत पोचल्या होत्या, त्यामुळे आज अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना रिक्षात कुणीच बोललं नाही.

निघालं काय, तर बेकर्स सिस्ट. सांध्याची झीज झाली की गुडघ्यात वंगणाचं पाणी जास्त तयार होतं आणि मागच्या पिशवीत साठतं. म्हणजे दुखणं मागे, मूळ आत. सुईने नुसतं पाणी काढलं तर पुन्हा भरू शकतं, म्हणून आधी गुडघ्याचा इलाज: मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, बर्फाचा शेक, वजन थोडं कमी, खाली बसणं बंद. (हे शेवटचं ऐकून आईचा चेहरा पडला. भाजी निवडायची कुठे बसून?)

पोटरी मात्र डॉक्टरांनी फार बारकाईने तपासली, सोनोग्राफीही करवली. पोटरी अचानक सुजून लाल, गरम झाली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. गाठ फुटली तरी तसंच दिसतं. अशा वेळी चोळायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

काहीही दुखलं की आधी तेल चोळणारं आमचं घर. हे पचायला जरा वेळ लागेल!